विमानांच्या प्रतिकृती, थिनरचा वास आणि डोकेदुखी

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून लढाऊ विमानांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती तयार करण्याचा छंद आपल्या भागात फार लोकांना नाही. पण ज्याला तो लागतो, त्याचा तो सहसा जन्मभर सुटत नाही. मी स्वतः शाळकरी वयापासून त्यात आहे. एकास बहात्तर हे त्यातील रुळलेले प्रमाण, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट ते प्रतिकृतीत एक इंच. १९६५ व १९७१ च्या युद्धांत नाव कमावलेले नॅट विमान मुळात सुमारे पावणेनऊ मीटर लांबीचे. या प्रमाणात ते जेमतेम १२ सेंटिमीटर भरते आणि वैमानिकाचे डोके मुगाच्या दाण्याएवढे होते. या कामात बोटांना आणि मनाला जो व्यायाम मिळतो, तो उतारवयात मोलाचाच. मात्र या छंदात काही रसायने नाकाजवळ असतात, याचा विचार सहसा होत नाही.

गेल्या हिवाळ्यात कचारगडच्या पायथ्याकडील एका गावचे गृहस्थ माझ्याकडे आले. हवाई दलात तंत्रज्ञ होते. उमेदीची वर्षे मिग-२१ च्या देखभालीत गेलेली. हे विमान १९६३ मध्ये दलात आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून, आपण हाताळलेल्या प्रत्येक प्रकाराची प्रतिकृती करायचीच, असे त्यांनी मनावर घेतले होते. तक्रार होती डोके दुखण्याची, गरगरण्याची व मळमळीची. रक्तदाब ठीक, साखर ठीक, चष्म्याचा नंबरही नुकताच तपासलेला. दुखणे संध्याकाळी सुरू होई आणि सकाळी शेतावर गेले की थांबे.

मी विचारले, "भाऊ, रात्री जेवणाआधी काय करता?"

"काही नाही साहेब, विमान चिकटवत बसतो."

थंडीमुळे दारे-खिडक्या बंद, खाली सतरंजी, पुढे चौरंग, त्यावर थिनरची उघडी वाटी. माघी पौर्णिमेच्या यात्रेसाठी मुलगा-सून आले होते आणि चार वर्षांची नात त्याच खोलीत खाली अंथरुणावर झोपत होती. तिलाही दोन रात्री उलट्या झाल्या होत्या. घरच्यांनी दोष यात्रेतल्या खाण्याला दिला होता.

प्रतिकृतीसाठी वापरला जाणारा गोंद हा खरे तर चिकटवत नाही. त्यातील द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा पक्का होतो. हे उडून जाणारे द्रावक श्वासावाटे रक्तात व तेथून मेंदूत पोचते. गोंदात आणि इनॅमल रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रव्ये असू शकतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. खुर्ची-टेबलावर बसणाऱ्यापेक्षा आपल्यासारख्या मांडी घालून बसणाऱ्याला ती अधिक लागते आणि खाली झोपलेल्या मुलाला तर त्याहूनही अधिक. वर्षानुवर्षे अशी वाफ घेतल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो. गर्भवती स्त्रीने त्या खोलीत थांबूच नये.

तोंडाला रुमाल बांधला की झाले, असा एक गैरसमज आहे. कापड वाफ अडवत नाही. कोरोनाच्या काळात सर्वांना माहीत झालेला एन-९५ मुखपट्टाही घासकामाची धूळ अडवतो, वाफ नाही. तिला सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखपट्टा लागतो. त्यापेक्षा काम ओसरीवर, दिवसाउजेडी करणे सोपे. ते जमत नसेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात, बाटलीचे झाकण लगेच लावावे आणि शेजारी चूल, उदबत्ती वा दिवा ठेवू नये, कारण ही वाफ पेट घेते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आता मिळतात, ते घ्यावेत. घासपट्टी ओली करून वापरली की धूळ उडत नाही.

झटपट चिकटणारा सुपरग्लू ही निराळी वस्तू. त्याच्या वाफेने काहींना दमा होतो. सुती कापडावर तो सांडला की एकदम तापतो आणि खालची कातडी भाजू शकते. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवावे, पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत आणि तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा.

मिगसारख्या पुढे चाक असलेल्या विमानाची प्रतिकृती शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन घालतात. आमचे हे गृहस्थ त्यासाठी मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजने कापून वापरत. शिसे विषारी आहे, लहान मुलांना तर फारच. मी त्यांना सायकलचे छर्रे सुचवले. वजन तेवढेच साधते, काळजी नाही.

छंद सोडू का, असे त्यांनी विचारले होते. मी नको म्हटले. काम ओसरीवर नेल्यावर आठवड्याभरात त्यांची डोकेदुखी थांबली आणि नातीच्या उलट्याही पुन्हा झाल्या नाहीत. तरीही ज्यांची डोकेदुखी मोकळ्या हवेत जाऊनही टिकते, त्यांनी सारा दोष थिनरवर न टाकता तपासणी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट त्यांच्या घरी दिसली, तीच अनेक घरांत दिसते. थिनर शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले होते. मुलाने ते चुकून प्यायल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटी होताना द्रव फुप्फुसात जातो आणि जिवावर बेतते. तोंड पुसून, बाटली सोबत घेऊन मुलाला ताबडतोब सालेकसा वा गोंदियाच्या रुग्णालयात न्यावे.