फिजी बेटांतील जुना धर्म : एक अभ्यास-पाठ

वाचन : प्रेषितांचीं कृत्यें १७:२२–३१



दुसऱ्याच्या धर्माविषयीं बोलण्याचा प्रसंग उपदेशकावर वारंवार येतो. त्या वेळीं दोन चुका सहज घडतात. एक, समजून न घेतां थट्टा करणें. दुसरी, सर्व कांहीं सारखेंच म्हणून विचारच सोडून देणें. या चुका कशा टाळाव्या हें पाहण्यासाठीं आम्हीं या आठवड्यास फिजी बेटांतील मूळच्या लोकांचा जुना धर्म हा विषय घेतला आहे.

फिजी हा दक्षिण पॅसिफिक महासागरांतील तीनशेंहून अधिक बेटांचा समूह आहे. विती लेवू व वानुआ लेवू हीं त्यांतील सर्वांत मोठीं बेटें होत. १८७९ ते १९१६ या काळांत साठ हजारांवर भारतीय मजूर करारानें तेथें नेण्यांत आले, म्हणून त्या देशाचें नांव आपल्या कानांवर आहे. हा पाठ मात्र त्यांच्या पुष्कळ पूर्वींपासून तेथें राहणाऱ्या लोकांविषयीं आहे.

१. देव व पूर्वज

फिजीच्या भाषेंत देवास ‘कलोऊ’ म्हणतात. जुन्या समजुतीप्रमाणें देवांचे दोन वर्ग होते. ‘कलोऊ-वू’ म्हणजे मूळ देव. ‘वू’ या शब्दाचा अर्थच मूळ असा आहे. ‘कलोऊ-यालो’ म्हणजे मरण पावलेले सरदार व वीर, ज्यांचे आत्मे पुढें देव मानले गेले. मूळ देवांत न्देंगेई हा श्रेष्ठ. तो सर्परूपानें विती लेवू बेटावरील नाकाउवान्द्रा डोंगराच्या गुहेंत पडून असतो व त्यानें कूस बदलली म्हणजे धरणीकंप होतो, असें लोक सांगत. परंतु ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, जो सर्वांत मोठा त्याची उपासना फारच थोडी होत असे. लोकांची खरी भिस्त आपापल्या कुळाच्या व गांवाच्या देवांवर होती. कोळ्यांना व दर्यावर्दी लोकांना न्दाकुवांगा या मगर-माशाच्या रूपांतील देवाचा आधार वाटे.

२. देऊळ, पुजारी व अर्पण

गांवांतील देऊळ उंच चौथऱ्यावर बांधीत व त्याचें छप्पर फार उंच निमुळतें असे. आंत ‘मासी’ नांवाच्या झाडाच्या सालीच्या कापडाची एक पांढरी पट्टी आढ्यापासून खालीं सोडलेली असे. देव त्या वाटेनें उतरून पुजाऱ्याच्या अंगांत येतो, अशी समजूत होती. पुजाऱ्यास ‘म्बेते’ म्हणत. देव अंगांत आला म्हणजे तो थरथर कांपे, त्याचा आवाज बदले, आणि त्याच्या तोंडचे शब्द देवाचे म्हणून ऐकले जात. लढाई, पाऊस, आजार यांविषयीं त्याला विचारीत. देवापुढें कंदमुळें, डुकरें, कांसवें व यांगोना हें मुळांचें पेय ठेवीत. अन्नाचा आत्मा देव खातो आणि उरलेलें अन्न माणसांनीं खावें, असें ते मानीत. नव्या पिकाचें पहिलें फळ देवास दिल्यावांचून कोणी तोंडांत घालीत नसे.

हें वाचून कोणी हंसूं नये. पिकाचा पहिला वांटा आपला नव्हे, हें ज्याला कळतें त्याच्या मनांत कृतज्ञतेचें बीज आहे.

३. मृत्यूनंतरची वाट

या धर्माची काळी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. मृताचा आत्मा लांबच्या वाटेनें परलोकास जातो व त्या वाटेवर जो एकटा पुरुष सांपडेल त्याचे हाल होतात, असें लोकांस वाटे. म्हणून सरदार मेला म्हणजे त्याच्या बायकांना गळफांस देऊन त्याच्यासंगें पाठवीत. १८५२ च्या डिसेंबरांत म्बाऊ बेटाचा वृद्ध सरदार तानोआ वारला. त्याचा पुत्र थाकोम्बाऊ याच्यापाशीं मिशनरी जेम्स कॅल्व्हर्ट यांनीं त्या स्त्रियांच्या जिवासाठीं फार विनवणी केली. तरी पांच स्त्रियांचा गळा आवळण्यांत आला. मारणारे लोक त्या स्त्रियांचे वैरी नव्हते. आपण मृताची सेवाच करीत आहों, अशी त्यांची श्रद्धा होती. चुकीची श्रद्धा किती भयंकर असूं शकते, हें यावरून दिसतें.

४. नवा धर्म व जुने शब्द

१८३५ सालीं विल्यम क्रॉस व डेव्हिड कार्गिल हे मिशनरी लाकेम्बा बेटावर उतरले. परंतु गांवोगांव वचन पोंचविण्याचें पुष्कळसें काम टोंगा बेटांतून आलेल्या जोएली म्बुलूसारख्या शिक्षकांनीं व पुढें खुद्द फिजीच्या शिक्षकांनीं केलें. जॉन हंट यांच्या परिश्रमानें १८४७ सालीं नवा करार फिजीच्या भाषेंत छापून निघाला. त्यांत देवासाठीं ‘कलोऊ’ हाच जुना शब्द घेतला, व याजकासाठीं ‘म्बेते’ हाच. शब्द जुने राहिले, पण त्यांत नवा अर्थ भरावा लागला.

हें काम एका दिवसाचें नव्हे. थाकोम्बाऊनें १८५४ च्या एप्रिलांत नवा धर्म पत्करला. त्या वेळीं लढायांत त्याची बाजू खचली होती व टोंगाच्या राजानेंही त्याला तसा सल्ला दिला होता. म्हणून त्याचा हेतु केवळ धार्मिक होता असें आम्ही म्हणणार नाहीं. बाप्तिस्मा मात्र त्याला १८५७ च्या जानेवारींत, अनेक बायका सोडून एकीशीं विवाह केल्यावर मिळाला. म्बाऊ येथें ज्या दगडावर बंदिवानांचीं डोकीं आपटून त्यांना मारीत, तोच दगड पुढें तेथील ख्रिस्ती मंदिरांत बाप्तिस्म्याच्या पाण्यासाठीं ठेवण्यांत आला.

जेथें अर्थ पुरता शिकविला गेला नाहीं, तेथें गोंधळही झाला. १८८५ च्या सुमारास नावोसावाकांदुआ म्हणून प्रसिद्ध झालेला एक पुरुष उठला. शास्त्रांतील यहोवा व येशू म्हणजे आपल्या पुराणांतील न्देंगेईचे जुळे वंशजच होत, मिशनऱ्यांनीं नांवें बदललीं आहेत, असें तो शिकवूं लागला. पुष्कळ लोक त्याच्या मागें गेले, आणि ब्रिटिश सरकारनें त्याला रोटुमा बेटावर हद्दपार केलें. हद्दपारीनें माणूस दूर होतो. मनांतील प्रश्न दूर होत नाहीं. तो उत्तरानेंच मिटतो.

५. बोध

१८७५ च्या आरंभीं गोंवराच्या सांथींत फिजीचे सुमारें चाळीस हजार लोक मेले. घरोघरीं शोक चालला असतां त्याच वर्षीं तेथील शिक्षक न्यू ब्रिटन बेटांवर जाण्यास पुढें आले. धोका आहे, असें सरकारी अधिकाऱ्यांनीं त्यांना बजावलें होतें. तरी ते गेले. १८७८ सालीं त्यांच्यापैकीं चौघे तेथें मारले गेले. ज्यांचे आजे सरदाराच्या आत्म्यासाठीं दुसऱ्यांचा जीव घेत, त्यांनीं दुसऱ्यांसाठीं आपला जीव दिला. आज फिजीचे मूळचे बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, आणि पिकाचें पहिलें फळ ते अजूनही आणतात. फक्त आतां तें ख्रिस्ती मंदिरांत आणलें जातें.

पौलानें अथेनै येथें वेदी फोडली नाहीं. ती लक्षपूर्वक पाहिली व तेथून बोलण्यास आरंभ केला. आपणही शेजाऱ्याच्या अंगणांत जातांना आधीं पाहावें, ऐकावें, मग बोलावें.

विचारासाठीं प्रश्न

१. सर्वांत श्रेष्ठ मानलेल्या देवाची उपासना थोडी कां होत असावी?
२. फिजीच्या जुन्या चालींपैकीं कोणती टाकणें अवश्य होतें व कोणती राखतां आली? दोहोंतील भेद कशावरून ठरवाल?
३. आपल्या मंडळींत असा कोणता शब्द आहे, जो सर्व उच्चारतात, पण ज्याचा अर्थ शिकविण्याचें काम अजून राहिलें आहे?