प्रवाळांस प्रकाश किती, प्रवाह कसा?

प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत मऊ प्रवाळ ठेवले आहेत. प्रखर एलईडी दिवा बसवला, पंपाचा झोतही थेट त्यांच्यावर सोडला. तरी ते आक्रसून फिकट झाले. दिवा आणखी वाढवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वाढवू नये. प्रवाळाच्या देहात वास करणारी सूक्ष्म शैवले प्रकाशावर अन्न सिद्ध करतात हे खरे. परंतु प्रकाश एकाएकी अतिरिक्त झाला म्हणजे त्याच शैवलांचा ऱ्हास होऊन प्रवाळ पांढरे पडू लागते, आणि आपण जी उपासमार समजत आहात ते बहुधा अजीर्ण आहे. तेव्हा क्षारता व तापमान ठीक असल्याची खातरजमा करून दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणावी, प्रवाळ तळाशी हलवावे, आणि मग तीन-चार आठवड्यांत ती क्रमाक्रमाने वाढवावी. रोज आठ-दहा तासांचा उजेड पुरे. झोत मात्र आजच वळवावा. एकाच दिशेने अखंड आदळणाऱ्या पाण्याने कोवळा देह फाटतो. काचेवर आपटून परतणारा, दिशा बदलणारा, प्रवाळास नुसता डोलवणारा प्रवाह प्राणवायू आणण्यास व मळ वाहून नेण्यास समर्थ असतो. इतक्या उपायांनी ते पुन्हा उमलण्याची पुष्कळ आशा आहे.

पुढे दगडी प्रवाळांचा मोह होईलच. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित असल्यामुळे, दुकानदार काहीही म्हणो, त्या वाटेस जाऊ नये.