थंडीत मोटारीचे इंजिन लवकर चालू का होत नाही?

पौष महिन्यातल्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तरी थेंबभर तेल बाहेर येत नाही. ते थिजलेले असते. मग बाटली उन्हात ठेवावी लागते, नाही तर गरम पाण्यात धरावी लागते. खोबरेल तेल सुमारे २४° सें. तापमानालाच थिजू लागते. मोटारीच्या इंजिनातील तेल इतक्या लवकर थिजत नाही, पण थंडीने ते दाट मात्र होते.

महाराष्ट्रातल्या थंडीत इंजिन जरा कुरकुरते आणि चालू होते. पण कॅनडातील विनिपेग शहरात हिवाळ्याच्या रात्री पारा −३०° सें.च्याही खाली जातो. आपल्याकडे लडाखमधील द्रास येथे तो −२०° सें.च्या खाली उतरतो. अशा ठिकाणी सकाळी मोटार चालू करायची, तर इंजिनात काय चालते हे माहीत असावे लागते. ते आपण पाहू.

इंजिन चालू होते म्हणजे काय होते?

चावी फिरवली की बॅटरीतील वीज स्टार्टर नावाच्या लहान मोटरला मिळते. स्टार्टर इंजिनाचे जड चाक फिरवतो. त्याबरोबर सिलिंडरमधील दट्टे वरखाली होऊ लागतात. दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोल आत येते. तो वर जाताना हे मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागते.

म्हणजे तीन गोष्टी हव्यात : इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, ते फिरवायला बॅटरीत जोर पाहिजे आणि इंधनाने पेट घेतला पाहिजे. थंडी या तिन्ही गोष्टींवर एकाच वेळी घाला घालते.

पहिली अडचण : दाट तेल

इंजिनातील तेलाचे काम म्हणजे धातूचे भाग एकमेकांवर घासू न देणे. थंडीत या तेलाची श्यानता, म्हणजेच दाटपणा, झपाट्याने वाढतो. नेहमीच्या वापरातले तेल १००° सें. तापमानाला जेवढे दाट असते, त्याच्या सहा-सात पट दाट ते ४०° सें.लाच होते. शून्याखाली गेल्यावर तर ते काकवीसारखे होते. ते ढवळत इंजिन फिरवायचे, तर जास्त जोर लागतो. शिवाय दाट तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर त्या भागांना आदल्या दिवशीच्या तेलाच्या पातळ थरावरच भागवावे लागते. म्हणून इंजिन चालू झाल्यानंतरचे पहिले काही क्षण झिजेच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात.

तेलाच्या डब्यावर ‘१० डब्ल्यू-३०’ अशी खूण तुम्ही पाहिली असेल. यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक प्रवाही राहते. थंडीत इंजिन फिरवता येईल की नाही, याची चाचणी ‘१० डब्ल्यू’ तेलासाठी −२५° सें.ला, तर ‘० डब्ल्यू’ तेलासाठी −३५° सें.ला घेतात.

दुसरी अडचण : दुबळी बॅटरी

मोटारीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य सल्फ्यूरिक अम्ल असते. त्यांच्यातील रासायनिक क्रियेतून वीज मिळते. तापमान उतरले की रासायनिक क्रिया मंदावते, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. −१८° सें.च्या सुमारास बॅटरीचा जोर निम्म्याहूनही कमी होतो. म्हणजे ज्या सकाळी इंजिनाला जास्त जोर हवा, नेमक्या त्याच सकाळी बॅटरी कमी जोर देते!

उतरलेल्या बॅटरीला आणखी एक धोका असतो. पूर्ण भारित बॅटरीतील अम्ल −५०° सें.लाही गोठत नाही. पण बॅटरी उतरत जाते, तसे अम्ल पाण्यासारखे सौम्य होत जाते. मग ते −१०° सें.च्या आसपासच गोठू शकते आणि बॅटरी फुटते.

तिसरी अडचण : न पेटणारे इंधन

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. थंडीत त्यातील थोडाच भाग वाफ होतो. उरलेला थेंबांच्या रूपात धातूच्या थंड भिंतींना चिकटतो. त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल आत सोडावे लागते. पूर्वीच्या कार्बुरेटरच्या मोटारींत चालक त्यासाठी ‘चोक’ ओढत असे. चोकमुळे हवेची वाट अरुंद होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. आजच्या मोटारींत तापमान मोजून संगणकच पेट्रोलचे प्रमाण ठरवतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती अतिशय तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. थंड धातू ही उष्णता शोषून घेतो. म्हणून सिलिंडरमध्ये विजेने तापणारी कांडी बसवलेली असते. शिवाय डिझेलमध्ये मेण असते. कडक थंडीत त्याचे स्फटिक होतात आणि गाळणी तुंबते. अगदी थिजलेल्या खोबरेलासारखी गत होते! लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणले. ते −३३° सें. तापमानापर्यंत प्रवाही राहते.

चालू करण्याची योग्य रीत

आता कारणे कळली, की रीत पाठ करावी लागत नाही.

१. दिवे, पंखा, रेडिओ बंद ठेवावेत. बॅटरीचा सगळा जोर स्टार्टरला मिळू द्यावा.

२. क्लच दाबून धरावा, म्हणजे गिअरपेटीतील दाट तेल ढवळण्याचा भार स्टार्टरवर पडत नाही.

३. डिझेल मोटारीत तापकांडीचा दिवा विझेपर्यंत थांबावे.

४. चावी एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवून धरू नये. इंजिन चालू झाले नाही, तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्यात बॅटरी थोडी सावरते आणि स्टार्टर निवतो.

५. इंजिन चालू होताच जोराने ॲक्सिलरेटर दाबू नये. तेल अजून सगळीकडे पोहोचलेले नसते.

विनिपेगसारख्या शहरांत याच्याही पुढची सोय असते. इंजिनाभोवतीच्या द्रवात विजेचा हीटर बसवतात. त्याची पिन मोटारीच्या पुढच्या बाजूने बाहेर लोंबत असते. वाहनतळावर विजेची जोडणी असते. हीटर काही तास चालू ठेवला, की सकाळी इंजिन गारठलेले नसते.

उभ्या उभ्या किती वेळ तापवावे?

पुष्कळांना वाटते की मोटार दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवून इंजिन तापवणे चांगले. आजच्या मोटारींच्या बाबतीत हे खरे नाही. अर्धा ते एक मिनिट पुरते. कडाक्याच्या थंडीत आणखी काही मिनिटे थांबावे. काचेवरचे हिम मात्र आधी पूर्ण काढावे. मग मोटार हलकेच चालवू लागावे आणि तापमानाचा काटा वर येईपर्यंत इंजिनावर भार टाकू नये.

असे का? उष्णता इंधन जळण्यातून मिळते. उभ्या इंजिनात इंधन थोडेच जळते, म्हणून ते सावकाश तापते. गिअरपेटी आणि चाकांची बेअरिंगे तर उभ्या मोटारीत जवळजवळ थंडच राहतात. दरम्यान न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते.

आणि पाणीही तयार होते. किती? थोडे गणित करू. पेट्रोलमधील ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ व हायड्रोजनचे १८ अणू असतात. तो जळला की पाण्याचे ९ रेणू तयार होतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम धरले, तर त्यापासून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जाते. थंड इंजिनात मात्र त्यातील काही भाग तेलात मिसळतो आणि गंज धरतो.

जिवावरचा धोका

एक गोष्ट कधीही विसरू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. दार उघडे असले, तरी ठेवू नये. इंजिन थंड असताना ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त तयार होतो. धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारा उत्प्रेरक परिवर्तक सुमारे २५०° ते ३००° सें. तापल्याशिवाय नीट काम करत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठतच नाही. हिमवर्षावात मोटार अडकली, तर धुराच्या नळीवर बर्फ साचला नाही ना, हे आधी पाहावे. नळी तुंबली, तर हा वायू मोटारीत शिरतो.

करून पाहा

दोन सारख्या काचेच्या पेल्यांत एरंडेल तेल घ्या. एक पेला दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. मग दोन्ही पेल्यांत सायकलच्या बेअरिंगमधील लहानात लहान छर्रा एकेक करून सोडा आणि तो तळाशी जायला किती सेकंद लागतात ते मोजा. प्रत्येक पेल्यात तीनदा मोजून सरासरी काढा. थंड तेलातला छर्रा किती पट उशिरा पोहोचला? इंजिनातील दट्ट्यांनाही थंडीत अशाच दाट तेलातून वाट काढावी लागते. पेट्रोल किंवा डिझेल घेऊन असा प्रयोग मात्र मुळीच करू नका.