साक्षांकन नमुन्यातला एक रकाना

सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराच्या हाती नेमणुकीच्या हुकुमाआधी एक छापील साक्षांकन नमुना येतो, आणि त्यात वडिलांचे नाव, मूळ गाव, गेल्या पाच वर्षांतील वास्तव्याचे पत्ते असल्या निरुपद्रवी रकान्यांनंतर लेखणी थबकावी असा एक प्रश्न येतो: आपणास कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर खटला भरला गेला आहे काय, दंड वा शिक्षा झाली आहे काय, एखादे प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे काय, आणि कोणत्याही विद्यापीठाने आपणास परीक्षेस मनाई केली अथवा काढून टाकले आहे काय? नमुन्याच्या माथ्यावरच बजावलेले असते की, खोटी माहिती देणे किंवा खरी दडवणे हीच एक अपात्रता मानली जाईल. वसतिगृहाच्या खोलीत एका रात्री सापडलेल्या अंमली पदार्थाच्या पुडीचा आणि पुढे कित्येक वर्षांनी मिळणाऱ्या नोकरीचा संबंध काय, असे विचारणाऱ्या पालकांनी तो या कागदावर पाहावा.

ज्या कायद्याखाली ही प्रकरणे चालतात तो १९८५ सालचा. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्याला सर्रास 'एनडीपीएस' म्हणतात. त्यातील शिक्षेचे मोजमाप मुलाच्या गुणपत्रिकेवरून किंवा घराण्याच्या लौकिकावरून होत नाही, पंचांसमक्ष काट्यावर भरलेल्या वजनावरून होते. गांजा एक किलोच्या आत, चरस शंभर ग्रॅमच्या आत असल्यास ते 'अल्प प्रमाण' ठरून एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परंतु तरुण मुलांत 'एमडी' या नावाने पसरलेल्या मेफेड्रोनची हीच मर्यादा अवघी दोन ग्रॅम आहे, तिच्यापुढे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि पन्नास ग्रॅम ओलांडले की ती दहा वर्षांहून कमी होऊच शकत नाही. भेसळ असली तरी वजन सगळ्या मिश्रणाचे धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवलेले आहे. २०२४ साली दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एमडीचा कारखानाच पुणे पोलिसांनी उघडकीस आणला, तेव्हापासून ही व्याधी दूरच्या महानगरांची आहे या समजुतीला आधार उरलेला नाही.

चौघांनी वर्गणी काढायची, एकाने माल आणायचा आणि उरलेल्यांनी त्याच्या मोबाइलवर पैसे पाठवायचे, ही मुलांच्या लेखी मैत्रीतली सोय. तपासी अंमलदाराच्या लेखी मात्र तेच व्यवहार खरेदी, विक्री आणि संगनमत यांचा पुरावा ठरतात, आणि ज्याने आणून दिले तो मुलगा, बहुधा त्या चौघांतला सर्वांत भिडस्त, सर्वांत जड कलमाखाली उभा राहतो. 'नाही' म्हणण्याची सवय घरात लावावी लागते, ती याकरिता.

शिक्षा होण्याची वाटही न पाहता बंद होऊ शकणारे दार पारपत्राचे. फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असलेल्या अर्जदारास १९६७ च्या कायद्यानुसार पासपोर्ट नाकारता येतो. कोर्टाची परवानगी आणली तर तो ठरावीक मुदतीपुरता मिळतो, परंतु ज्याचे परदेशातले सत्र सप्टेंबरात सुरू व्हायचे त्याला ती परवानगी नोव्हेंबरात मिळणे आणि न मिळणे सारखेच. अमेरिकेच्या व्हिसा-अर्जात तर अटकेविषयी आणि अंमली पदार्थांच्या कायद्याच्या भंगाविषयी सरळ प्रश्न असतात. तेथे पोहोचलेल्या आपल्या मुलांनीही जपले पाहिजे: कॅलिफोर्निया वा कोलोरॅडोत गांजा दुकानात राजरोस विकला जात असला, तरी केंद्रीय कायद्याच्या लेखी तो नियंत्रित पदार्थच आहे, परदेशी विद्यार्थ्याचे वास्तव्य त्या केंद्रीय कायद्यावर अवलंबून आहे, आणि न्यायालयात दोष सिद्ध न होताही अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुनःप्रवेश नाकारण्यास पुरेशी ठरू शकते.

हे सारे भयावह आहेच. तथापि माझ्या मते मुलाच्या भवितव्याची अधिक हानी घरातल्या माणसांच्या दडवादडवीने होते. ठाण्यातून फोन येताच अब्रूच्या धास्तीने वडील ओळखीचा माणूस शोधतात, आई नातेवाइकांना 'ताप आलाय' म्हणून सांगते, आणि पुढे तो साक्षांकन नमुना भरताना सगळे मिळून 'नाही' लिहायचा सल्ला देतात. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले की उमेदवाराने माहिती खरी दिलीच पाहिजे. तरुण वयातील क्षुल्लक प्रकरण असेल तर नेमणूक करणारा अधिकारी ते दृष्टीआड करू शकतो. खरे सांगितले म्हणजे नोकरी मिळेलच असे नाही, पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास राहतोच. परंतु विचार होण्याची वाट तरी खुली राहते. पडताळणीत खोटे उघडकीस आल्यावर ती वाटही बहुधा उरत नाही.

अकरावी-बारावीच्या मुलांच्या पालकांस आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने, गंभीर प्रकरणांतील अपवाद वगळता, त्यातील निष्कर्ष पुढील आयुष्यात अपात्रता ठरू नये अशी तजवीज केलेली आहे. म्हणून जन्मतारखेचा दाखला पहिल्याच दिवशी तपासी अंमलदारापुढे ठेवावा.

मुलगा खरोखरच व्यसनाधीन झाला असेल, तर कायद्याने ठेवलेली सर्वांत दयाळू वाट कलम ६४-अ ची आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी इसमाने सरकारमान्य रुग्णालयात वा संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले, तर त्या आरोपाखालील खटल्यापासून त्यास मुक्तता मिळते; उपचार अर्धवट सोडले, तर ती काढून घेता येते. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तेव्हापासून महाराष्ट्रात उपचाराला जाणे ही लपवण्याची गोष्ट राहायला नको होती. तरी ती राहिली आहे, याचे मला मनस्वी दुःख होते. वकिलाच्या पहिल्या भेटीतच या कलमाविषयी विचारावे. वकील परवडत नसेल, तर कोठडीतील व्यक्तीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे, तो मागून घ्यावा. आणि प्रकरण निकाली निघाल्यावर पंचनामा, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, उपचार पूर्ण केल्याचा दाखला व अंतिम हुकुमाची प्रमाणित नक्कल, हे चारही कागद मुलाच्या पदवी-प्रमाणपत्राशेजारीच ठेवावेत, कारण व्हिसा अधिकारी किंवा नेमणूक करणारे खाते ते पुढे केव्हाही मागू शकते.