काखेत उसवलेला सदरा

सदरा काखेतच आधी का उसवतो? गळ्याशी का नाही? हात वर केला की सगळा ताण काखेत येतो. घमेले उचला, पोते खांद्यावर घ्या, हात वर जाणारच. त्यात घाम. घामाने तिथले कापड लवकर विरते. बाकीचा सदरा धड असतो आणि काख तेवढी उघडी पडते.

नागापूर नगर-मनमाड रस्त्यावर आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण रस्त्याचे जुने नाव अजून तोंडात आहे. नागापुरात औद्योगिक वसाहत आहे. आसपासच्या गावांतली पुष्कळ माणसे तिथे पाळीवर जातात. अशा घरी उसवलेला सदरा ही नुसती दिसण्याची बाब नसते. लोंबती बाही फिरत्या पट्ट्यात सापडली, तर बाहीमागून हात जातो. चालत्या यंत्राला तेल घालणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, असा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यात घातला होता, तो काही उगीच नव्हे. आता सकाळी पाळी आहे, सदरा एकच आहे, शिंप्याचे दुकान बंद झाले आहे. मग घरातली सुई काढावी लागते. आणि तिथून वैताग सुरू होतो.

पहिला वैताग सुई ओवण्याचा. सुईच्या भोकाला नेढे म्हणतात. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात रतनगड आहे. त्याच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्यालाही नेढेच म्हणतात. त्या नेढ्यातून माणसे जातात, या नेढ्यातून दोरा जात नाही! दोरा दातांनी तोडू नका. त्याने टोक चेपते आणि पिंजते. कात्रीने तिरका कापा. सुईमागे पांढरा कागद धरा, म्हणजे नेढे नीट दिसेल. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते, त्यात लाज कसली? चष्मा लावावा.

पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून माणूस वावभर दोरा घेतो. मग गुंता होतो. दोऱ्याला मुळात पीळ असतो. टाका घालताना सुई बोटांत थोडी थोडी फिरते, पीळ वाढतो आणि दोरा स्वतःभोवतीच वेटोळे घालतो. गुंता ओढू नका, ओढला की गाठ बसते. सुई सोडून खाली लोंबू द्या. ती गरगर फिरून पीळ काढते. दोरा दीड हात पुरे.

आता नीट पाहा. नुसती शिवण उसवली आहे, की कापडच फाटले आहे? पुष्कळ जण हे पाहतच नाहीत.

शिवण उसवली असेल, तर सदरा उलटा करा. जुने टाके शाबूत आहेत तिथून बोटभर अलीकडे सुरुवात करा. सुई वर काढा. मग गव्हाच्या दाण्याएवढी मागे खुपसा आणि दोन दाण्यांएवढी पुढे काढा. हा उलट टाका. साधा धावदोरा भराभर होतो, पण काखेत टिकत नाही. एकेरी दोऱ्याची शिवण कशी सुटते, ते खताच्या पोत्यावर पाहा. बरोबर टोक सापडले की एका ओढीत पोते उघडते, चुकीचे टोक धरले तर दोरा हलत नाही. शिंप्याच्या यंत्रात दोन दोरे एकमेकांत अडकतात, एक वरचा रिळाचा, एक खालचा बॉबिनचा. अमेरिकेतील इलायस हाऊ याने १८४६ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाशी असते, आपल्या सुईचे मागे.

कापडच फाटले असेल, तर काम अवघड. खरा राग इथे येतो. रात्री शिवले, दोन दिवसांत पुन्हा फाटले, आणि तेही टाक्यांच्या अगदी शेजारी! टाके शाबूत राहतात, कापड सुटते. विरलेले कापड टाका धरत नाही. चिडून आणखी दाट टाके घातले, तर आणखी भोके पडतात. कापड दिव्यासमोर धरा. जिथून उजेड झिरपतो, तिथवर ते विरलेले आहे. ठिगळ त्याच्या पलीकडे, चांगल्या कापडावर, चारी बाजूंनी दोन दोन बोटे गेले पाहिजे.

ठिगळाला कोरे कापड घ्यायचे तर आधी धुवून घ्या. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. जुना सदरा आटून बसलेला असतो. मग ठिगळ आकसते आणि काखेत चुण्या पडून रुततात. त्यापेक्षा एखाद्या जुन्या सदऱ्याच्या पाठीचा तुकडा बरा. ठिगळाचे उभे धागे सदऱ्याच्या उभ्या धाग्यांना जुळवा. तिरके ठिगळ ताणते. आधी चारी बाजूंनी कच्चा दोरा घाला, मग पक्के टाके.

बाहीत मुलांची एखादी वही सरकवून ठेवा. नाही तर सुई दोन्ही पदरांतून जाते, बाहीचे तोंड शिवले जाते आणि ते हात घालतानाच कळते.

शेवटी सदरा अंगात घालून दोन्ही हात पूर्ण वर करून पाहा. कर्र असा आवाज आला, तर शिवण फार ताणून धरली गेली आहे. तेवढेच टाके उसवा आणि पुन्हा ढिले घाला. पाळीला अजून वेळ आहे.