तौबा : सबब सोडून सत्याकडे परतणे

‘तौबा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे परत फिरणे. दास आपल्या प्रभूकडे पाठ करून दूर जातो, मग भानावर येतो आणि त्याच्याच दाराशी परततो. या परतण्याला तौबा म्हणतात. ‘इस्तिगफार’ म्हणजे क्षमा मागणे. या शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा भाव आहे. दास विनवतो की हे अल्लाह, माझा अपराध तुझ्या कृपेने झाकून टाक. ‘अस्तगफिरुल्लाह’ हा शब्द आपल्या ओठांवर दिवसातून अनेकदा येतो. परंतु ज्या प्रार्थनेने दासाचे जीवन पालटते, ती केवळ ओठांवरची असत नाही. ती कशी असते, हे दिव्य कुरआनच्या सूरह तौबामध्ये उल्लेखिलेल्या तीन व्यक्तींच्या प्रसंगातून उमजते. बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत त्यांच्यापैकी एक, ह. कअब बिन मालिक (रजि.) यांनी तो स्वतः सविस्तर कथन केला आहे.

‘उद्या’ने केलेला घात

हिजरी सन ९ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तबूकच्या मोहिमेची घोषणा केली. कडक उन्हाळा होता, प्रवास लांबचा होता आणि मदीनेत फळे पिकून सावल्या सुखद झाल्या होत्या. ह. कअब (रजि.) हे अकबाच्या प्रतिज्ञेत सहभागी झालेले निष्ठावंत अन्सारी होते. त्या वेळी त्यांची सांपत्तिक स्थिती पूर्वी कधीही नव्हती इतकी चांगली होती. स्वारीसाठी दोन उंटही होते. ते रोज तयारीच्या हेतूने बाहेर पडत, काही न करताच परतत आणि मनाशी म्हणत की केव्हाही निघता येईल. असे करता करता सैन्य दूर गेले. इन्कार नव्हता, बंडखोरी नव्हती. केवळ चालढकल होती. मदीनेत फिरताना त्यांना दुर्बल, असमर्थ लोक किंवा दांभिकपणासाठी ओळखले जाणारे लोकच दिसत, आणि त्यांचे मन खिन्न होई.

सबब आणि सत्य

प्रेषित (स.) परतल्यावर मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक शपथा घेत सबबी सांगू लागले. प्रेषितांनी (स.) त्यांचे बाह्य म्हणणे स्वीकारले, त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थनाही केली आणि त्यांच्या अंतःकरणातील गोष्टी अल्लाहवर सोपविल्या. ह. कअब (रजि.) यांच्याकडे वक्तृत्व होते, सबब रचणे त्यांना अवघड नव्हते. परंतु आज खोटे बोलून प्रेषितांना राजी केले, तरी अल्लाह लवकरच सत्य उघड करील, हे ते जाणून होते. त्यांनी आपल्याजवळ कोणतेही कारण नव्हते, हे स्पष्टपणे मान्य केले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या सत्यवचनाची साक्ष दिली आणि अल्लाहच्या निर्णयाची वाट पाहण्यास सांगितले. ह. मुरारा बिन रबीअ व ह. हिलाल बिन उमय्या (रजि.) यांनीही असाच कबुलीजबाब दिला होता.

येथे थोडे थांबून विचार करावा. सबब सांगणारे त्या दिवशी निर्धास्तपणे घरी गेले आणि सत्य सांगणारे परीक्षेत सापडले. पुढे दिव्य कुरआनने सबबी सांगणाऱ्यांची कठोर निर्भर्त्सना केली, तर या तिघांचा पश्चात्ताप स्वीकारल्याची वार्ता दिली. माणसांचे समाधान सबबीने होऊ शकते; अंतःकरणातील गुपिते जाणणाऱ्या प्रभूपुढे सबबीला काहीही मोल नाही.

पन्नास दिवस

या तिघांशी कोणीही बोलू नये, असा आदेश झाला. इतर दोघे घरात बसून रडत राहिले. ह. कअब (रजि.) मशिदीत येत, सलाम करत आणि प्रेषितांचे (स.) ओठ उत्तरादाखल हलले की नाही, हे पाहत. चुलतभाऊ ह. अबू कतादा (रजि.) यांच्या बागेची भिंत चढून ते आत गेले, पण त्यांनीही सलामाचे उत्तर दिले नाही. अशा अवस्थेत गस्सानच्या राजाचे पत्र आले, ‘आमच्याकडे या, आम्ही तुमचा मान राखू’ अशा आशयाचे. ह. कअब (रजि.) यांनी ते पत्र तंदूरमध्ये जाळले. दुखावलेल्या मनाला चुकीचे दार नेहमीच उघडे दिसते. तौबा करणाऱ्याला ते ओळखता आले पाहिजे. चाळीस दिवसांनंतर पत्नीपासूनही दूर राहण्याचा आदेश झाला, तोही त्यांनी पाळला.

दिव्य कुरआनने त्यांच्या मनःस्थितीचे जे वर्णन केले, त्याचा आशय असा की पृथ्वी विशाल असूनही त्यांना अपुरी पडू लागली, त्यांचा जीवच त्यांना नकोसा झाला आणि त्यांना उमगले की अल्लाहपासून वाचण्यासाठी अल्लाहशिवाय दुसरा आश्रय नाही. हीच तौबेची खरी घडी होय. पन्नासाव्या दिवशी फज्रच्या नमाजनंतर सल्अ पर्वतावरून शुभवार्तेची हाक आली आणि ह. कअब (रजि.) तत्काळ सजद्यात गेले. याच आयतींना लागून श्रद्धावंतांना सत्यनिष्ठांच्या सोबत राहण्याची आज्ञा आहे. ह. कअब (रजि.) यांनीही उर्वरित आयुष्यात सत्याशिवाय काही न बोलण्याचा निश्चय केला.

आपली तौबा

विद्वानांनी तौबेच्या अटी सांगितल्या आहेत : पाप तत्काळ सोडणे, त्याबद्दल मनापासून लज्जित होणे आणि पुन्हा तिकडे न वळण्याचा दृढ संकल्प करणे. अपराध एखाद्या माणसाच्या हक्काचा असेल, तर चौथी अट येते : तो हक्क परत करणे किंवा त्याची क्षमा मिळविणे. बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवावा, कामगाराची मजुरी थकवावी, शेजाऱ्याची अब्रू घ्यावी आणि रात्री तस्बीह घेऊन इस्तिगफार करावा, ही तौबा अपुरी आहे. अशा वेळी अश्रूंइतकेच त्या बहिणीच्या दारी जाणेही आवश्यक असते.

कोणी म्हणेल, माझी पापे फार आहेत. सूरह जुमरमध्ये अल्लाहने स्वतःवर अत्याचार केलेल्या दासांनाही आपल्या कृपेपासून निराश होण्यास मनाई केली आहे. ज्यांच्या चारित्र्याची साक्ष स्वतः अल्लाहने दिली, ते प्रेषित (स.) दिवसातून सत्तरहून अधिक वेळा क्षमायाचना करीत; मग आपल्याला तिची किती गरज असावी!

बंधू-भगिनींनो, रात्रीचा अखेरचा प्रहर दुआ स्वीकारली जाण्याचा समय आहे. वुजू करून दोन रकअत नमाज अदा करावी आणि नंतर हात पसरून, आपल्या मातृभाषेत का होईना, आपला अपराध नाव घेऊन प्रभूपुढे मांडावा. परिस्थितीला, संगतीला, घरच्यांना दोष देऊ नये. ‘माझ्याकडे कोणतेही कारण नव्हते’, एवढे एक वाक्य प्रामाणिकपणे उच्चारता आले, तर परतीची वाट सुरू झाली असे समजावे. आणि हे उद्यावर टाकू नये.

अल्लाह आपणा सर्वांना सत्याने परतण्याची सद्बुद्धी देवो आणि आपली तौबा स्वीकारो. आमीन.