तळघरातली हवा: जर्मनीत घर घेताना रेडॉनबद्दल विचारलंत का?

जर्मनीत पहिलं घर घेताना आपण बरंच काही तपासतो. छप्पर किती जुनं आहे, हीटिंग कशावर चालतं, ऊर्जा प्रमाणपत्रावर कोणतं अक्षर आहे. तळघरात उतरलो की भिंतीला हात लावून ओल पाहतो आणि वर येतो. तिथल्या हवेबद्दल मकलरला प्रश्न विचारणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्या हवेत रेडॉन असू शकतो. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम बनतं आणि रेडियमपासून हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि निष्क्रिय वायू असल्यामुळे तो मातीत कशाशीही संयोग पावत नाही. फरशीची भेग, नळाभोवतीची फट, अशी जिथे वाट मिळेल तिथून तो घरात शिरतो. त्याचं अर्धायुष्य 3.8 दिवस, म्हणजे वरपर्यंत पोचायला पुरेसा वेळ. खुद्द रेडॉन आपण बहुतांशी उच्छ्वासातून बाहेर टाकतो. धोका आहे तो त्याच्या ऱ्हासातून तयार होणाऱ्या पोलोनियमचा. ते धुळीच्या कणांना चिकटून फुप्फुसात बसतं आणि तिथेच अल्फा कण सोडतं.

हे कळायला एका गावाची किंमत मोजावी लागली. झेक सीमेजवळच्या एर्त्सगेबिर्गं डोंगरात श्नेबेर्ग नावाचं गाव आहे. तिथले खाणकामगार शतकानुशतकं छातीच्या एका आजारानं अकाली मरत आणि लोक त्याला ‘श्नेबेर्गचा आजार’ म्हणत. हेर्टिंग आणि हेस्से या दोन डॉक्टरांनी 1879 मध्ये दाखवून दिलं की हा फुप्फुसाचा कर्करोग आहे. (हेच ते वाल्टर हेस्से, ज्यांच्या पत्नी फॅनी यांनी जिवाणू वाढवण्यासाठी अगार वापरायचं सुचवलं. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी त्यांना मनोमन नमस्कार करावा.) मागचं कारण रेडॉन, हे मात्र विसाव्या शतकात स्पष्ट झालं.

‘खाणीचं ठीक आहे, पण घराचं काय?’ असं तुम्ही विचाराल. युरोपातल्या 13 अभ्यासांची एकत्रित आकडेवारी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. घराच्या हवेत दर घनमीटरला 100 बेकरेल रेडॉन वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्के वाढतो, असं त्यात दिसलं. बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास. टक्क्यांनी घाबरून जाऊ नका, मूळ धोका किती तेही पाहा. कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाला वयाच्या 75 वर्षांपर्यंत हा धोका शून्य रेडॉनला साधारण 0.4 टक्के आणि 400 बेकरेलला 0.7 टक्के आहे. सतत सिगरेट ओढणाऱ्याला तोच 10 वरून 16 टक्क्यांवर जातो. घरात कोणी ओढत असेल तर पहिला उपाय कोणता, हे वेगळं सांगायला नको.

पुणे-नाशिककडून आलेल्यांना हा विषय नवा वाटतो, याला कारण आहे. तिकडचा काळा कातळ बेसॉल्टचा आणि त्यात युरेनियम फार कमी. शिवाय घराला तळघर नाही आणि खिडक्या बारा महिने उघड्या. (पूर्व विदर्भ आणि सिंधुदुर्गातल्यांनी लगेच खूश होऊ नये, तिथला खडक वेगळा आहे.) इथे सगळं उलट. एर्त्सगेबिर्गं, फिख्टेलगेबिर्गं, ब्लॅक फॉरेस्टच्या काही भागांत खाली ग्रॅनाइट आणि वर घट्ट बंद घर. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून निसटते, तळाशी दाब किंचित कमी होतो आणि घर जमिनीतला वायू अक्षरशः ओढून घेतं. त्यात अनुदान घेऊन नव्या हवाबंद खिडक्या बसवल्या की ऊब टिकते, तसा रेडॉनही टिकतो. खिडक्या जरूर बदला, पण बदलण्याआधी आणि नंतर मोजा.

इथला कायदा घरांसाठी दर घनमीटरला 300 बेकरेल ही वार्षिक सरासरीची संदर्भपातळी मानतो. जागतिक आरोग्य संघटना शक्य तिथे 100 सुचवते. राज्यांनी ‘राडोनफोरझोर्गगेबीट’, म्हणजे विशेष खबरदारीचे प्रदेश, जाहीर केले आहेत. तिथे तळघर आणि तळमजल्यावरच्या कामाच्या जागी मोजणी सक्तीची आहे. राहत्या घरात ती कुठेच सक्तीची नाही, त्यामुळे विकणाऱ्याकडे बहुधा आकडा नसतो. तरीही विचारा. आणि तुमचं गाव यादीत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, शेजारशेजारच्या दोन घरांतही मोठा फरक असू शकतो.

मोजणी सोपी आहे. मुठीत मावेल असा प्लास्टिकचा डोसिमीटर पोस्टानं येतो. त्याला वीज लागत नाही आणि खर्च नगामागे काही दशक युरो. एक बैठकीच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीत ठेवा, खिडकी आणि हीटरपासून दूर. वर्षभरानं प्रयोगशाळेला परत पाठवा. आठवड्याभराची मोजणी फसवी ठरू शकते, कारण ऋतूनुसार आकडा खूप बदलतो. तळघरात होम ऑफिस थाटलं असेल तर तिसरा डोसिमीटर तिथे हवाच. आई-बाबा 90 दिवसांच्या व्हिसावर येऊन तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत झोपले, तर त्याची फार चिंता नको. प्रश्न वर्षानुवर्षांच्या श्वासाचा आहे.

आकडा जास्त आला म्हणून घर विकायला काढू नका. खिडक्या सताड उघडून हवा खेळवली की रेडॉन उतरतो, पण काही तासांत पुन्हा चढतो. तेव्हा नळ आणि केबलींभोवतीच्या फटी बुजवा आणि तळघराचं दार घट्ट लागेल असं करा. तेवढ्यानं भागलं नाही तर फरशीखाली खड्डा घेऊन पंख्यानं तिथली हवा थेट बाहेर सोडतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या आणि झाल्यावर पुन्हा वर्षभर डोसिमीटर ठेवा.